याला जुगाड म्हणू नका

कुणी खपून काही बनवलं तर त्याचं कौतुक करायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. नेटकं, सुबक, बेतशीर, घोटीव, झालंच तर आपलं 'एक नंबर'. आणि तरी गेल्या काही वर्षांत या सगळ्यांना कोपराने बाजूला सारत एकच शब्द पुढे घुसलाय. जुगाड. मी घरी बनवलेल्या योकचा फोटो आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला, तर पंधरा मिनिटांत हा शब्द सात वेळा आला. "काय जुगाड केलाय ताईने!", "जुगाडू आत्या झिंदाबाद", आणि एक नुसतंच "जुगाऽऽड". सगळ्यांनी प्रेमानेच म्हटलं, त्याबद्दल शंका नाही. त्या सातांतले निदान चार जण हे वाचणार आहेत हेही मला ठाऊक आहे. म्हणूनच इथे लिहिते. मंडळी, प्रेम पोचलं, शब्द परत घ्या.

ज्यांनी फोटो पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. विमानात वैमानिकापुढे अर्धं कापलेल्या स्टिअरिंगसारखं दोन मुठींचं हॅण्डल असतं, ते योक. खऱ्या विमानात ते फिरवायचंही असतं आणि पुढे-मागे ढकलायचं-ओढायचंही असतं. मी केलंय ते त्या जातीचं नाही. ते आर्केडच्या जातीचं आहे. आर्केड म्हणजे नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी व्हिडिओ गेमची यंत्रं. अमेरिकेत अटारी कंपनीने १९८३ साली 'स्टार वॉर्स' नावाचं असं एक यंत्र काढलं. पडद्यावर सगळं चित्र रंगीत रेषांनी काढलेलं. आधी शत्रूची छोटी विमानं, मग मनोरे, मग तो सिनेमातला अरुंद खंदक, आणि हे सगळं पार करायला तुमच्या हातात एक योक. ते डावी-उजवीकडे स्टिअरिंगसारखं फिरतं, पण ढकला-ओढायचं काम नाही. त्याऐवजी मुठीच पुढे-मागे कलतात. तर्जनीखाली दोन आणि अंगठ्याखाली दोन अशी चार बटणं, चारही गोळ्या झाडायची. ज्यांनी ते एकदा हातात धरलं ते लोक चाळीस वर्षांनीही त्याच्याबद्दल हळवे होऊन बोलतात.

ही जुनी यंत्रं संगणकावर जिवंत ठेवणारी 'मेम' नावाची प्रणाली आहे. निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने १९९७ मध्ये ती सुरू केली. तिच्यामुळे जुना खेळ पडद्यावर जसाच्या तसा येतो. हातात मात्र येत नाही. हातात येतो कीबोर्ड, किंवा गेमपॅडवरची ती अंगठ्याएवढी दांडी. या खेळात पडद्यावरची निशाणी योकच्या मागे मागे चालते : योक जिथे, निशाणी तिथे. दोन्ही हातांनी, मनगटापासून कोपरापर्यंत जे करायचं ते अंगठ्याच्या सेंटिमीटरभर हालचालीत कोंबलं की खेळ तोच राहत नाही. म्हणून योक करायला घेतलं. चार महिने लागले, बहुतेक रविवार त्यात गेले.

आता मुद्द्यावर येते.

जुगाड हा शब्द हिंदीतून आपल्याकडे आला. उत्तरेत पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून जी वाहनं धावतात त्यांनाही जुगाडच म्हणतात. गाडी बंद पडली, रात्र झाली, पाऊस पडतोय, गॅरेज वीस किलोमीटरवर. अशा वेळी तारेने, फडक्याने, चपलेच्या पट्ट्याने जो गाडी घरापर्यंत आणतो त्याला माझा दंडवत. तिथे तो शब्द शोभतो आणि तिथे तो मानाचाच आहे. पण त्या माणसाला दुसऱ्या दिवशी विचारा. तो पहिल्यांदा गॅरेजला जाईल आणि ती तार काढून योग्य पार्ट बसवून घेईल. त्याला ती तार हौस म्हणून नको असते. जुगाडाची हौस असते ती आपल्याला, पंख्याखाली बसलेल्यांना. २०१२ साली तर 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं इंग्रजी पुस्तक आलं आणि तेव्हापासून कॉर्पोरेट भाषणांत हा शब्द टाय लावून फिरतोय. दुसऱ्याच्या अडचणीचं कौतुक करणं ही मोठी सोयीची गोष्ट आहे. त्याची अडचण मग सोडवावी लागत नाही.

माझ्या हिशोबाने जुगाडाची ओळख तीन खुणांवरून पटते. एक, तो घाईत होतो. दोन, त्याला एकच प्रश्न विचारतात : चालतंय ना? किती दिवस चालेल, किती नीट चालेल हे विचारायचं नसतं. आणि तीन, त्याची दुसरी प्रत निघत नाही. ज्याने केला त्यालाही उद्या तस्साच करता येणार नाही. आता या तीन खुणा घेऊन माझ्या योकपाशी या.

योकची सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असेल? इलेक्ट्रॉनिक्स? प्रोग्रॅमिंग? अजिबात नाही. सगळ्यात अवघड आहे ते हात सोडल्यावर योकने मधोमध परत येणं. ऐकायला किरकोळ वाटतं. दोन्ही बाजूंनी एकेक स्प्रिंग लावली की झालं, नाही का? नाही. मध्याजवळ आल्यावर दोन्ही स्प्रिंगांची ओढ जवळजवळ सारखी होते. उरलेला फरक इतका थोडा की बेअरिंगचं आणि आतल्या पॉटचं घर्षण त्याला पुरून उरतं. मग उजवीकडून सोडलेलं योक मध्याच्या जरासं उजवीकडे थांबतं, डावीकडून सोडलेलं जरासं डावीकडे. म्हणजे मध्य हा एक बिंदू राहत नाही, एक गाव होतं. संगणकाला सांगून त्या गावाकडे दुर्लक्ष करवता येतं, त्याला डेड झोन म्हणतात. पण मग तेवढ्या भागात तुम्ही योक हलवलं तरी निशाणी हलत नाही, आणि नेमकी बारीक नेमबाजी तिथेच करायची असते. 'चालतंय ना' म्हणणारा इथे थांबला असता. चालतं की!

यावर उपाय आहे तो असा. फिरणाऱ्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, एक खुंटी. चौकटीला, बरोब्बर तिच्या रेषेत, दुसरी खुंटी. दोन पट्ट्या कात्रीसारख्या एकाच टोकाला जोडलेल्या, आणि त्या दोन्ही खुंट्यांना दोन बाजूंनी चिमटीत धरतात. एक ताणलेली स्प्रिंग त्या पट्ट्यांना एकमेकींकडे ओढत राहते. योक उजवीकडे फिरवलं की शाफ्टची खुंटी एका पट्टीला घेऊन जाते, दुसरी पट्टी चौकटीच्या खुंटीला टेकून जागच्या जागी राहते. हात सोडला की स्प्रिंग पट्टीला परत आणते, आणि अगदी शेवटच्या अंशापर्यंत तिच्यात ताकद शिल्लक असते, कारण ती मुळात ताणूनच बसवलेली आहे. मध्य पुन्हा एक बिंदू होतो.

पण यातही अटी आहेत. दोन्ही खुंट्या अगदी एका जाडीच्या हव्यात. एक जाड झाली की पट्ट्या तिच्यावरच टेकतात, बारीक खुंटी चिमटीत खुळखुळते आणि योकला मध्यात ढिलेपणा येतो. स्प्रिंग फार कडक घेतली तर मध्यातून बाहेर पडायलाच जोर लागतो, मग निशाणी सरकत नाही, टुणकन उडी मारते. फार मऊ घेतली तर पुन्हा घर्षण जिंकतं. मी तीन जाडींच्या स्प्रिंगा आणून तिन्ही लावून, प्रत्येकीवर आठवडाभर खेळून मग मधली ठेवली. सांगा आता, यात घाई कुठे आहे?

दुसरी गोष्ट, पॉट. पोटेन्शिओमीटर हे त्याचं नाव, पण दुकानात पॉट म्हटलं की पुरतं. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचं बटण आठवतंय? त्याच्या मागे असायचा तो. योक किती फिरलं हे संगणकाला कळावं म्हणून शाफ्टला हा पॉट जोडायचा. पुण्यात तपकीर गल्लीत तो मूठभर पैशांत मिळतो. पण दोन प्रकारचे मिळतात आणि बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. एकावर सहसा 'बी' लिहिलेलं असतं : जेवढं फिरवाल तेवढं मोजमाप बदलतं, सरळ हिशोब. दुसऱ्यावर 'ए' : हा आवाजासाठी असतो, आधी हळूहळू बदलतो आणि शेवटी भराभर, कारण आपले कान तसे ऐकतात. योकला दुसरा लावला तर डावीकडे निशाणी रेंगाळेल आणि उजवीकडे सुसाट सुटेल. छापलेल्या अक्षरावर विसंबायचं नसेल तर मल्टिमीटर लावा. पॉट बरोब्बर अर्ध्यावर ठेवा. दहा किलोओमचा सरळ हिशोबाचा पॉट पाचच्या आसपास दाखवेल, आवाजाचा एक-दोनावरच घुटमळेल.

पुढे. साधा पॉट सुमारे ३०० अंशांत फिरतो. माझं योक या टोकापासून त्या टोकापर्यंत ६० अंश फिरतं. ज्या चिपने हे वाचायचं ती संपूर्ण ३०० अंशांचे १०२४ भाग करते. पॉट थेट शाफ्टला जोडला तर योकच्या वाट्याला त्यातले जेमतेम २०५ भाग येतात. बाकी सगळे वाया. म्हणून मध्ये पट्टा घातला : शाफ्टवर ८० दात्यांची पुली, पॉटवर २० दात्यांची. योक ६० अंश फिरलं की पॉट २४० अंश फिरतो आणि भाग होतात ८१९. वर दोन्ही बाजूंना तीस-तीस अंश शिल्लक राहतात, ते मुद्दाम, कारण पॉटच्या आतला अडसर हा थांबा म्हणून वापरायचा नसतो. रंगात आलेला खेळाडू हिसका देतो आणि त्या हिसक्याने पॉट तुटतो. थांबा चौकटीला हवा, रबर लावलेला. हे सगळं गणित सातवीतलं आहे. पण गणित केलं, हे तर मान्य कराल?

आणि तिसरी खूण, दुसरी प्रत. माझ्याकडे योकचं मापांसकट रेखाटन आहे. मुठींमधलं अंतर, शाफ्टची जाडी, खुंट्यांची जागा, वायरीला आतून किती ढील ठेवायची (मुठीतली बटणं शाफ्टबरोबर फिरतात, वायर ताणली गेली की चार दिवसांत तुटते), सगळं लिहिलेलं आहे. कोल्हापुरात बसलेला माणूस ते बघून माझ्याशी एक शब्द न बोलता योक बनवू शकेल. ज्याची दुसरी प्रत अनोळखी माणसाला काढता येते त्याला जुगाड म्हणत नाहीत. त्याला डिझाइन म्हणतात. मी काही थोर डिझाइन केलंय असा दावा नाही, कात्रीची युक्ती माझी नाही, कितीतरी लोकांनी ती आधी वापरलेली आहे. पण आधीच्यांनी काय केलं ते शोधून, समजून घेऊन, आपल्या मापाला बसवणं हाही त्याच विद्येचा भाग आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, एका शब्दावरून एवढं काय? कुणी छान म्हटलं, आपण गोड हसावं आणि गप्प बसावं. नाही बसत, कारण हा शब्द माझ्यापुरता नाही.

योकचा शाफ्ट दोन बेअरिंगांवर फिरतो. स्केटिंगच्या चाकात असतात ती, ६०८ नंबरची : आतून ८ मिलीमीटर, बाहेरून २२, जाडी ७. ही बेअरिंगं ज्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात बसतात तो मी भोसरीतल्या एका लेथवर करून घेतला. तिथल्या काकांनी ठोकळा हातात घेतल्या घेतल्या पहिला प्रश्न विचारला, "ताई, बेअरिंग हाताने बसणारी पाहिजे का दाबून बसवायची?" मी म्हटलं, दाबून. त्यांनी भोक बावीसला जरासं कमी ठेवलं. किती कमी? मिलीमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले दोन. मायक्रोमीटरने बेअरिंग मोजली, भोक मोजलं, पुन्हा एक बारीक हात फिरवला, पुन्हा मोजलं. बेअरिंग दाबल्यावर जो आवाज आला तो मला डब्याचं झाकण चपखल बसल्यासारखा वाटला. काकांचं आयटीआय झालंय, टर्नर ट्रेड, दोन वर्षांचा. आणि त्यानंतरचा तीस वर्षांचा हात.

आता मजा बघा. हेच काम परदेशातल्या प्रयोगशाळेत कुणी केलं तर ते प्रिसिजन इंजिनिअरिंग. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या साहेबाने सांगून करून घेतलं तर ते प्रॉडक्ट डेव्हलपमेंट. मी घरी केलं तर जुगाड. आणि काकांनी केलं तर? त्यांच्या कामाला तर नावच नाही. "एका लेथवाल्याकडून करून आणलं", बस. एका मिलीमीटरचे शंभर भाग जो हाताने ओळखतो त्याचं सगळं कौशल्य 'जुगाड' या शब्दाखाली झाकलं जातं, कारण त्या शब्दाचा अर्थच मुळी असा आहे की इथे मोजमाप नव्हतं, शिक्षण नव्हतं, फक्त एक चलाख डोकं होतं आणि हाताला लागेल ते होतं. त्यात मोजणाऱ्याचा अपमान आहे. आपल्याला चलाखीचं भारी कौतुक. मेहनतीचं, मापाचं, पुन्हापुन्हा करून बघण्याचं नाही. ते दिसायला कंटाळवाणं असतं ना!

हाच 'चालतंय ना' आपल्या भोवती किती पसरलाय बघा. स्विचबोर्डातून लोंबणारी टेप गुंडाळलेली वायर. पाय डुगडुगतो म्हणून खाली घडी करून घातलेला कागद, तोही तीन वर्षं तिथेच. गळणाऱ्या नळाला बांधलेलं फडकं. प्लंबर, सुतार, वायरमन नीट काम करत नाहीत म्हणून आपणच बोटं मोडतो. पण नीट काम आणि कसंतरी काम या दोन्हींना आपण एकच शब्द वापरत असू, आणि तोही कौतुकाचा, तर नीट करायचे कष्ट कुणी कशाला घ्यावेत?

"त्यापेक्षा विकतच का नाही आणलंस?" हा दुसरा प्रश्न. रास्त आहे. विकत घेणाऱ्यांशी माझं काहीही भांडण नाही. मी चपला शिवत नाही आणि टूथपेस्टही कुटत नाही. पण संगणकासाठी दुकानात सहज मिळतात ती योक विमानासारखी, ढकला-ओढायची. मला हवी ती मुठी कलणारी. अटारीची जुनी अस्सल परदेशात वापरलेली मिळतात, त्यांची किंमत, जहाजाचं भाडं आणि वर कस्टम असा हिशोब केला की त्यात मधल्या वेळची भाजी बंद होईल. शिवाय विकत आणलेलं बिघडलं की ते डब्यात जातं. माझं बिघडलं तर कुठला स्क्रू काढायचा ते मला ठाऊक आहे.

तिसरा प्रश्न, खरं तर टोमणा. "या वयात खेळणं करत बसलीस!" याला जरा सविस्तर उत्तर देते, कारण खेळण्यांचा इतिहास माझ्या बाजूने आहे.

१९२९ साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या तरुणाने जमिनीवर उडायला शिकवणारं एक यंत्र तयार केलं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. त्या वाद्यांत हवा भरायचे भाते असतात, त्याच भात्यांवर त्याने एक छोटं खोटं विमान बसवलं. आत बसून दांडा हलवला की ते डुलायचं, कलायचं. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळालं ते करमणुकीच्या बागांत, नाणं टाकून बसायचं खेळणं म्हणून. मग १९३४ साली अमेरिकेच्या लष्कराकडे टपालाची विमानं चालवायचं काम आलं, वाईट हवामानात नुसत्या उपकरणांवर विसंबून उडायची सवय नसलेले वैमानिक अपघातांत गेले, आणि लष्कराने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंनी बनली. आज वैमानिक ज्या सिम्युलेटरवर शिकतात त्यांचा आजोबा तो. बागेतलं खेळणं!

आता माझ्या योकची गोष्ट उलट्या दिशेची आहे. अटारीचा १९८० चा 'बॅटलझोन' नावाचा रणगाड्याचा खेळ गाजला. अमेरिकन लष्कराच्या बाजूने विचारणा झाली की ब्रॅडली या चिलखती गाडीच्या तोफचींना शिकवायला याच खेळाची एक आवृत्ती करून द्या. खेळ लिहिणारा एड रॉटबर्ग. त्याला लष्करासाठी काम करायचंच नव्हतं, नाइलाजाने त्याने ते केलं. यंत्रं फक्त दोन बनली. पण त्यासाठी ब्रॅडलीतल्या तोफचीच्या हातात असतं त्या धर्तीवर एक योक बनवलं गेलं, आणि पुढे १९८३ मध्ये तेच योक 'स्टार वॉर्स'मध्ये पोरांच्या हातात आलं. म्हणजे भाते वाद्यांतून बागेत आणि बागेतून लष्करात गेले, आणि योक लष्करातून आर्केडमध्ये आलं. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : माणसाच्या हाताची हालचाल यंत्राला अचूक कशी कळवायची? त्याला खेळणं म्हणा की शस्त्र म्हणा, बेअरिंगला फरक पडत नाही. उलट खेळण्याची परीक्षा जास्त कडक. सैनिकाला योक आवडलं नाही तरी धरावंच लागतं. पोराला आवडलं नाही तर ते दुसरं नाणं टाकत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. दादा, वहिनी, तुम्ही दोघं हे वाचणार आहात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

या योकमधलं अर्धं काम तुमच्या लेकाने केलंय. मुठी त्याच्या आहेत. त्याने आपल्या, माझ्या आणि आजीच्या हाताचे ठसे मातीत घेतले, तिघांच्या बोटांची मापं वहीत मांडली आणि मग लाकूड तासलं. खुंट्यांमधला ढिलेपणा त्यानेच पकडला. मी स्प्रिंग बदलायच्या विचारात असताना त्याने व्हर्नियर काढून दोन्ही खुंट्या मोजल्या आणि म्हणाला, "आत्या, ही पॉइंट दोनने जाड आहे." दहावीच्या पोराने लक्षण सोडून कारणाला हात घातला. याला काय म्हणायचं ते इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि तो जेव्हा म्हणाला की दहावीनंतर मेकॅनिकल डिप्लोमाला जायचंय, तेव्हा घरात वाक्य कुठलं आलं? "जुगाड करायला कॉलेज कशाला लागतं?" सगळे हसले. तोही हसला. मी त्याच्याकडे बघत होते.

बघितलंत शब्दाने काय केलं ते? चार महिने त्याने जे केलं ते जर जुगाड असेल, तर मग खरोखरच त्याला कॉलेज कशाला? जुगाडाला अभ्यासक्रम नसतो. आणि एकदा त्याच्या हातातल्या कामाला ते नाव पडलं की मग 'खरं' शिक्षण म्हणजे अकरावी सायन्स, क्लास आणि दोन वर्षं पर्यायांसमोरचे गोल काळे करणं एवढंच उरतं. त्याला अकरावीला घालायचं की तंत्रनिकेतनात हा निर्णय तुमचा आणि त्याचा, माझा नाही. डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे पुढचं दार बंद होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गुणांवरून, खर्चावरून, होस्टेलवरून त्याला नाही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, ती बोलणी सरळ होतील. पण एका चुकीच्या शब्दावरून नाही म्हणू नका. तो जे करतोय ते काय आहे हे आधी नीट बघा, आणि मग ठरवा.

आणि कौतुकच करायचं असेल तर त्याची एक सोपी रीत सांगते. ती तुम्हा सगळ्यांनाच लागू, नातेवाईक असा की ब्लॉगवाले. कुणी काही बनवून दाखवलं तर ते हातात घ्या. योक असेल तर उजवीकडे फिरवून सोडा, मग डावीकडे फिरवून सोडा, आणि दोन्ही वेळा एकाच जागी येतं का ते बघा. येत असेल तर कसं जमवलं ते विचारा. येत नसेल तर तसं तोंडावर सांगा, त्याचा राग येत नाही. उलट त्या माणसाला कळतं की आपण जिथे खपलो तिथेच समोरच्याने बोट ठेवलं.

असो. बरंच लांबलं. मुठी कलवायच्या अक्षाचं, म्हणजे वर-खालीचं केंद्र अजून माझ्या मनासारखं नाही, मुठींचं वजन त्याला खाली ओढतं. त्यावर भाचेबुवा समतोल वजनाचा हिशोब करताहेत. वहीचं पान भरत आलंय. येत्या रविवारी घरी या आणि त्यालाच समजावून सांगायला लावा.